शेअर लोअर सर्किटला, ग्रुप हातघाईवर: या चुका टाळा

पार्ल्यातल्या आमच्या शेअरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा मी अ‍ॅडमिन. निम्मे निवृत्त, काही चाळिशीतले आणि चार-पाच पोरं, जी ऑप्शन्स करतात पण घरी सांगत नाहीत. एरवी 'शुभ सकाळ' आणि डिव्हिडंडच्या तारखा. पण ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला २९ फेब्रुवारीनंतर नव्या ठेवी आणि वॉलेटमध्ये पैसे भरून घ्यायला मनाई केली आणि आमच्याकडे रणकंदन माजलं. त्या दिवसांत आम्ही जे जे चुकलो, ते लिहितो.

सगळ्यात मोठी चूक: सर्किट लागलेल्या दिवशी वाद मिटवायला जाणं

पेटीएमचा शेअर ७६१ च्या आसपास होता. पुढच्या दोन दिवसांत दोनदा २० टक्क्यांचं लोअर सर्किट लागून तो ४८७ वर आला. लोअर सर्किट म्हणजे त्या दिवशी भाव ज्याच्या खाली जाऊ देत नाहीत ती मर्यादा; तिथे विकणाऱ्यांची रांग आणि घेणारा जवळपास कुणीच नाही. सव्वानऊला बाजार उघडताच टाकलेली ऑर्डर साडेतीनला तो बंद होईपर्यंत तशीच लटकलेली. शेअर विकता येत नाही, मग माणूस हातातल्या मोबाईलवर राग काढतो. 'विजय शेखर शर्मांचे (पेटीएमचे संस्थापक) भक्त' आणि 'रडके' अशा दोन टोळ्या पहिल्या दिवशी दुपारीच पडल्या होत्या.

मी शहाणपणा केला आणि मेसेज फक्त अ‍ॅडमिनला टाकता येतील असं सेटिंग लावलं. तासाभरात चौदा जणांनी वेगळा ग्रुप काढला आणि तिथे मला 'कंपनीचा माणूस' ठरवलं! माझ्याकडे त्या कंपनीचा एक शेअर नव्हता. आता मी ग्रुप बंद करत नाही. साडेतीन वाजून गेले की एकच मेसेज टाकतो: आज कंपनीने एक्स्चेंजला काय कळवलं, त्याची लिंक. खाली एक ओळ, 'मतं उद्या'. कंपनीला हव्या तितक्या शिव्या द्या, समोरच्या सभासदाला नाही, एवढाच नियम.

नेमकं कशावर भांडतोय, हे न ठरवणं

दोन दिवस एक दादा म्हणत होते, 'बँक संपली.' दुसऱ्या ताई म्हणत होत्या, 'कंपनीला काही झालेलं नाही.' दोघंही एकमेकांना अडाणी म्हणत होते आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. कारवाई झाली पेमेंट्स बँकेवर. बाजारात लिस्टेड होती पेटीएम अ‍ॅप चालवणारी वन९७ कम्युनिकेशन्स, जिचा त्या बँकेत ४९ टक्के वाटा. प्रश्न होता, बँकेचा फटका कंपनीच्या धंद्याला किती बसेल. हे कुणीतरी दोन ओळींत मांडलं तेव्हा निम्मा आवाज खाली आला. पुढे बँकेची २९ फेब्रुवारीची मुदत १५ मार्चपर्यंत वाढली, १४ मार्चला यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने कंपनीला यूपीआयसाठी थर्ड पार्टी अ‍ॅप म्हणून, म्हणजे दुसऱ्या बँकांमार्फत चालणारं अ‍ॅप म्हणून, परवानगीही दिली. वाद तेव्हाही झाले, पण निदान एकाच गोष्टीवर.

'कितीला घेतलात?'

ही चूक माझी. तळमजल्यावरच्या काकांनी नोव्हेंबर २०२१ च्या आयपीओत एक लॉट घेतला होता: २१५० ने ६ शेअर, १२,९०० रुपये. पहिल्याच दिवशी भाव १५६० च्या घरात बंद झाला होता. आता ते 'धीर धरा, लाँग टर्म' असं लिहीत होते. मी सगळ्यांसमोर विचारलं, 'काका, तुम्ही कितीला घेतलेत?' पाच जणांनी हसणारे चेहरे टाकले. काका ग्रुप सोडून गेले. चार दिवसांनी काकूंकडे गेलेला आमचा डबा रिकामा परत आला. पार्ल्यात याचा अर्थ काय, हे ज्याला कळायचं त्याला कळतं.

आता आमच्याकडे मत मांडताना 'आहे', 'नाही' किंवा 'विकला' यांतला एक शब्द आधी लिहायचा. हितसंबंध कळले की पुरे. भाव विचारायचा नाही.

फॉरवर्ड आणि टिपा

यावर फार बोलण्यासारखं नाही. ज्या मेसेजवर दोन बाणांची खूण आहे, तो निदान पाच हातांतून आलेला समजा. बीएसईच्या साइटवर कंपनीच्या घोषणांत ती गोष्ट सापडली नाही, तर ती अफवा समजून थांबा. पडलेल्या शेअरवर 'नुकसान भरून देतो' म्हणत टेलिग्रामवर बोलावणारा हमखास उगवतो. त्याला सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, नोंदणी क्रमांक विचारा आणि तो सेबीच्या साइटवर तपासा. क्रमांक नसला तर चर्चा न करता काढून टाका. इथे मी सौजन्य पाळत नाही.

माफी ग्रुपवर मागणं

'कुणाला दुखावलं असल्यास क्षमस्व' असा मेसेज मीही टाकला होता. त्यावर सत्तावीस अंगठे आले, काका आले नाहीत, कारण ते ग्रुपमध्ये होतेच कुठे! शेवटी डब्यात बेसनाचे लाडू घालून खाली गेलो. काकूंनी डबा घेतला आणि आत गेल्या. काकांनी चष्मा लावून डीमॅटचं स्टेटमेंट काढलं, त्या सहा शेअरांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, 'विचार आता, कितीला घेतले.'