टीएक्सटी रेकॉर्ड कोडमधून हाताळताना: २५५ बाइट्सची भानगड

डोमेनचा टीएक्सटी रेकॉर्ड (म्हणजे डीएनएसमध्ये, इंटरनेटवरच्या नावांच्या यादीत, डोमेनच्या नावावर ठेवलेला मजकूर) कोडमधून वाचायचा म्हटलं की वाटतं, त्यात काय, एक स्ट्रिंग तर आहे, घ्यायची आणि वापरायची. मीही हेच धरून एसपीएफ (डोमेनच्या नावाने मेल कुठून पाठवता येतो ते सांगणारा टीएक्सटी रेकॉर्ड) तपासणारी स्क्रिप्ट लिहिली होती, ती बऱ्याच डोमेन्सवर मस्त चालायची आणि काहींवर उगाच गंडायची. शेवटी कळलं की टीएक्सटी रेकॉर्ड ही एक स्ट्रिंग नसतेच, ती स्ट्रिंग्जची माळ असते. १९८७ च्या आरएफसी १०३५ मध्येच (डीएनएसचे नियम सांगणारा दस्तऐवज) तसं ठरलंय: प्रत्येक तुकड्याच्या आधी लांबी सांगणारा एक बाइट, आणि एका बाइटमध्ये जास्तीत जास्त २५५ मावतं, म्हणून एक तुकडा २५५ बाइट्सच्या पुढे जाऊच शकत नाही.

कोडला हात लावायच्या आधी टर्मिनलवर डिग (डीएनएसला विचारणारी कमांड) चालवून डोमेनचा टीएक्सटी बघून घ्या. एकाच ओळीत दोन अवतरणं दिसली तर तो एकच रेकॉर्ड, दोन तुकड्यांत. वेगवेगळ्या ओळी दिसल्या तर वेगवेगळे रेकॉर्ड. हा फरक डोक्यात पक्का बसला की निम्मं काम झालं.

आता पायथन. डीएनएसपायथन लायब्ररी टाका आणि तिचं रिझॉल्व्ह फंक्शन वापरा (जुन्या उदाहरणांत क्वेरी दिसेल, आवृत्ती २ पासून रिझॉल्व्ह वापरायचं). उत्तरातल्या प्रत्येक रेकॉर्डवर स्ट्रिंग्ज नावाची प्रॉपर्टी असते, तिच्यात बाइट्सचे तुकडे मिळतात. ते रिकाम्या बाइट्सने जॉइन करा, आणि मगच डीकोड करा. बरेच जण रेकॉर्डचं सरळ टेक्स्ट करून कडेची अवतरणं काढून टाकतात, मीही तेच केलं होतं, पण मग मधली अवतरणं तशीच राहतात आणि बॅकस्लॅशवाली एस्केप्सही आत येऊन बसतात. जावास्क्रिप्टच्या नोडमध्ये रिझॉल्व्हटीएक्सटी अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे देतं, तिथे आतला अ‍ॅरे जोडायचा. गो भाषेतलं लुकअपटीएक्सटी मात्र आधीच जोडून देतं.

जोडताना मध्ये स्पेस घालायची नाही, एसपीएफच्या आरएफसी ७२०८ मध्ये हे स्पष्ट लिहिलंय. खरी गंमत लिहिताना होते: एसपीएफ दोन तुकड्यांत तोडला आणि तोडलेल्या जागची स्पेस गेली, तर पहिल्या तुकड्यातला शेवटचा आयपी आणि दुसऱ्यातला पहिला शब्द एकमेकांना चिकटतात, आणि दिसायला रेकॉर्ड अगदी बरोबर दिसतो!

मग गाळणी लावा. एकाच नावावर एसपीएफ, कसले कसले व्हेरिफिकेशन कोड असं बरंच काही पडलेलं असतं आणि रेकॉर्ड्सचा क्रम दरवेळी तोच येईल याची खात्री नाही, त्यामुळे पहिला उचलून चालणार नाही. सुरुवात 'व्ही=एसपीएफ१' ने होते का आणि त्यानंतर स्पेस आहे किंवा मजकूर तिथेच संपतो का, ते तपासा. असे दोन सापडले तर एक निवडत बसू नका, नियमानुसार ती परमएररच (म्हणजे रेकॉर्डच चुकीचा) आहे. आणि नावच अस्तित्वात नाही, नाव आहे पण टीएक्सटी नाही, आणि टाइमआउट झाला, या तीन गोष्टी वेगवेगळ्या एक्सेप्शनमध्ये पकडा, टाइमआउटला 'रेकॉर्ड नाही' समजणं महागात पडतं.

लिहायचं असेल तर आधी मजकूर यूटीएफ-८ बाइट्समध्ये बदला आणि मग २५५-२५५ चे तुकडे पाडा, अक्षरं मोजून नाही. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट्स खातं, म्हणजे ८५ चिन्हांतच तुकडा भरला. तुकडा एखाद्या चिन्हाच्या मधोमध पडला तरी बिघडत नाही, फक्त वाचताना जोडायच्या आधी डीकोड करू नका. हे तुकडे करणं डीकेआयएमला (मेलवरची डिजिटल सही तपासायची की ठेवणारा रेकॉर्ड) हमखास लागतं, कारण २०४८ बिटची आरएसए पब्लिक की बेस६४ मध्ये ३९२ अक्षरांची होते.

झोन फाइल (डोमेनचे सगळे रेकॉर्ड लिहिलेली फाइल) स्वतः बनवत असाल तर प्रत्येक तुकडा अवतरणात ठेवा. तिथे अर्धविराम म्हणजे कॉमेंटची सुरुवात, आणि डीकेआयएम-डीमार्क (डीमार्क म्हणजे तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारा रेकॉर्ड) तर अर्धविरामांनी भरलेले, अवतरण विसरलं की अर्धा रेकॉर्ड गायब. आतल्या अवतरणापुढे आणि बॅकस्लॅशपुढे अजून एक बॅकस्लॅश लावा. कंट्रोल पॅनेल किंवा एपीआय असेल तर काही ठिकाणी तुकडे आपोआप होतात, काही ठिकाणी अवतरणंसुद्धा मजकूर म्हणून सेव्ह होतात, म्हणून टाकल्यावर परत वाचून मूळ बाइट्सशी जुळवून बघायचंच.

मोठी उत्तरं यूडीपीत मावली नाहीत तर टीसीपीवर विचारावं लागतं, डीएनएसपायथनचा रिझॉल्व्हर ते आपणहून करतो, पण फायरवॉलने टीसीपीचा ५३ पोर्ट अडवला असेल तर नेमके मोठे रेकॉर्डच मिळत नाहीत आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. बदल करूनही जुनंच दिसत असेल तर टीटीएल (उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं ती मुदत) संपेपर्यंत कॅश बोलतेय, तेव्हा थेट डोमेनच्या ऑथॉरिटेटिव्ह सर्व्हरलाच (जिथे मूळ रेकॉर्ड असतात) विचारा.