आठवड्याची टोपली द्यायची असेल, तर सगळं बी एका दिवशी टाकू नका

मृगाचा पाऊस झाला, वाफसा (पेरणीजोगी ओल) आला की बियांची पुडी फोडायची आणि सगळी मेथी त्याच दिवशी टाकून मोकळं व्हायचं, ही आपली जुनी सवय. मार्केट यार्डात माल न्यायचा असेल तर ती खपून जाते. पण शहरातल्या वीस घरांनी हंगामाचे पैसे आगाऊ देऊन दर आठवड्याला तुमची भाजी बांधून घेतली असेल, तर हीच सवय बुडवते. दरवर्षी पाहतोय मी हे. गेल्या पावसाळ्यात एका तरुण शेतकऱ्याच्या पहिल्या तीन टोपल्यांत मेथी-पालक मावत नव्हता. सातव्या आठवड्यात नुसती भेंडी, तीही जून झालेली. आणि नेमका श्रावण लागलेला! निम्मी घरं पुढच्या हंगामाला आलीच नाहीत.

म्हणून वहीत उलटं मोजा. आधी टोपलीची तारीख, मग पेरणीची. मेथीला २५ ते ३० दिवस, भेंडीच्या पहिल्या तोड्याला ४५ ते ५०, दोडक्याला दोन महिने. पालेभाजी दर आठ दिवसांनी दोन-दोन वाफे. भेंडी, गवार वीस दिवसांच्या अंतराने तीनदा. पितृपक्षात गवार, कारलं, भोपळा लागतोच, त्याची पेरणी आजच वहीत लिहा.

झड लागली की मेथी-कोथिंबीर कुजते. त्या आठवड्यासाठी हौदाच्या ओलीवर अळू आणि एक वाफा माठ हवाच. मुंग्या अंडी घेऊन बांधावर चढताना दिसल्या, तर जोराचा पाऊस येणार असं धरून मी त्या दिवशी बी टाकत नाही.

बाकी कामं:
- गादीवाफे ३ मीटर × १ मीटर, उंची १५ सेंमी, चर मोकळे
- बीजप्रक्रिया: ट्रायकोडर्मा (मित्रबुरशीची पावडर) ५ ग्रॅम प्रति किलो बी
- मावा, तुडतुडे या रस शोषणाऱ्या किडी: ५ टक्के निंबोळी अर्क
- भेंडीचा तोडा दिवसाआड

ट्रायकोडर्मा कृषी विज्ञान केंद्रातून आणा. टोपलीत खंड पडला की दुकानदार टॉनिकची बाटली पुढे करतो, ती घेऊ नका. जे पेरलंच नाही ते टॉनिकनं कसं वाढेल?

पहिल्या वर्षी १५-२० घरंच घ्या. अतिवृष्टीत टोपली हलकी येईल, हे पैसे घेतानाच सांगा.

पहिला टप्पा टाकून झाला असेल, तर उरलेली पुडी दोऱ्यानं बांधा, तिच्यावर पुढची तारीख लिहा आणि कोरड्या जागी ठेवून द्या.