खर्ज पुन्हा बोलू लागला

आमच्या मिरजेच्या तंबोऱ्याचा पंचम आणि जोडीच्या तारा छान बोलत होत्या. सर्वांत खालच्या सुराचा खर्ज मात्र छेडला की लगेच मिटायचा, गुंजन उठायचंच नाही. तार नवी, खुंटी घट्ट. म्हणजे दुखणं जवारीचं, तार टेकते तिथून गुंजन उठवणाऱ्या जुळणीचं.

तार सैल करून आधी घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, नख फिरवलं. खाच पडलेली नव्हती, त्यामुळे घोडी घासायचा प्रश्न मिटला. (खाच असेल तर कारागिराकडेच जावं. घोडीचा उतार बिघडला तर सगळ्याच तारा जातात.) मग तार आणि घोडी यांच्यामध्ये असलेलं जुनं सूत काढलं. मळून पार चपटं आणि कडक झालं होतं. खर्जाची तार पितळेची, जाड. तिला सूतही किंचित जाड मानवतं. नवं सुती सूत घालून तार सुरात आणली आणि छेडत छेडत सूत अगदी केसभर मागेपुढे सरकवत राहिले. एका जागी आवाज एकदम उघडला. तार घोडीच्या उताराला हलकीच, लांबवर स्पर्श करू लागली आणि खर्जातून स्वयंभू गंधार, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा ‘ग’, स्वच्छ ऐकू आला. काय सुख असतं ते! सूत सरकलं की सूरही जरासा हलतो, तो तारेत ओवलेल्या मण्यानं जुळवला. बाकीच्या तिन्ही तारांची सुतं लगेच बदलून टाकली.