तांबड्या पाण्याला घाबरू नका: जडधातू तपासणीत नव्यानं येणाऱ्यांसाठी

पाऊस लागला की गोव्यातल्या डिचोली, सांगे या बाजूनं आमच्या प्रयोगशाळेत तांबडं पाणी यायला लागतं. आणणाऱ्याची खात्रीच असते, खाणीचं विष उतरलंय. तो रंग बहुतेक वेळा जांभ्याच्या मातीतल्या लोहाचा निघतो. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम यांना ना रंग, ना वास. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, शिसं आणि आर्सेनिकची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे, कॅडमियमची 0.003 आणि पाऱ्याची 0.001. तेव्हा डोळ्यांवरचा भरवसा आधी सोडा.

एम.एस्सी. होऊन आलेली मुलं आयसीपी-एमएसवर, म्हणजे धातूंचे आयन वस्तुमानावरून ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर, घडाघडा बोलतात. बाटली कशी धुतली विचारलं की गप्प. पॉलिथीनची बाटली 10 टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवायची, मग डीआयोनाइज्ड (क्षारांचे आयन काढून टाकलेल्या) पाण्यानं खळबळून घ्यायची. नमुना भरल्यावर नायट्रिक आम्लानं पीएच 2 च्या खाली आणायचा, नाहीतर शिसं बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून बसतं आणि अहवालात पाणी निर्मळ ठरतं. विहिरीचं पाणी गढूळ असेल आणि फक्त विरघळलेले धातू मोजायचे असतील, तर आम्ल घालायच्या आधी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. आधी आम्ल घातलंत तर मातीच्या कणांवरचे धातूही पाण्यात उतरतात. एकूण धातू मोजायचे असतील तर गाळायचंच नाही. यातलं काय हवंय, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्या.

किनाऱ्यावरच्या विहिरींचं दुखणं वेगळं. मे महिन्यात त्यातल्या काही मचूळ होतात. अशा पाण्यातलं क्लोराइड यंत्रातल्या आर्गॉनशी जुळून 75 वस्तुमानाचा आयन बनतो, आणि आर्सेनिकचं वस्तुमानही नेमकं 75! हीलियमचा कोलिजन सेल (हीलियमशी टक्कर घडवून असे जोड-आयन अडवणारा यंत्रातला कप्पा) चालू नसेल तर नसलेलं आर्सेनिक कागदावर उमटतं आणि गावात बोंब होते.

नळाचा नमुना घेताना रात्रभर साचलेलं पहिलं पाणी आणि थोडं वाहू दिल्यानंतरचं पाणी, दोन्ही वेगळ्या बाटल्यांत घ्या. पहिल्यातच शिसं जास्त आलं तर संशय घरातल्या पितळी नळांवर, सांध्यांवर.

नोकरीचं म्हणाल तर फक्त पाण्यावर अडून बसू नका. वेर्ण्यातल्या औषध कंपन्यांनाही हीच यंत्रं चालवणारी माणसं लागतात, कारण औषधांतले धातूही मोजावे लागतात. मुलाखतीत ब्लँक (धातू नसलेल्या शुद्ध पाण्याचा नमुना) कसा घेता आणि स्पाइकची, म्हणजे नमुन्यात मुद्दाम मोजून घातलेल्या धातूची, रिकव्हरी किती येते (त्यातला किती टक्के यंत्रावर परत दिसतो), हे हमखास विचारतात. आम्हीही तेच विचारतो.