वाळवंटातील बंद खाणीचा इतिहास ठाण्यात बसून कसा शोधावा

वाळवंटातल्या बंद खाणीचा इतिहास जाणून घ्यायचा म्हटले की बहुतेकांना आधी तिकडे जावेसे वाटते. माझा आग्रह मात्र असा आहे की प्रवास सगळ्यात शेवटी ठेवावा. खाणीच्या तोंडाशी उभे राहून जे दिसते, ते कागद वाचल्याशिवाय कळत नाही. उदाहरणासाठी बिकानेरच्या दक्षिणेला सुमारे २२ किलोमीटरवर असलेल्या पलाना गावची जुनी कोळसा खाण घेऊ. १८९६ साली तिथे पाण्यासाठी विहीर खणताना कोळसा लागला, १८९८ मध्ये खाणकाम सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी खाण शाखामार्गाने जोधपूर-बिकानेर रेल्वेला जोडली गेली.

ही माहिती इम्पीरियल गॅझेटियर या ब्रिटिशकालीन स्थळकोशात मिळते. त्याचे खंड आंतरजालावर मोफत वाचता येतात, त्यामुळे सुरुवात घरूनच करावी. नोंद वाचताना प्रत्येक तारीख, अंतर आणि गावाचे नाव वेगळ्या वहीत उतरवावे आणि नावाची रोमन लिपीतील सर्व संभाव्य रूपे लिहून ठेवावीत, कारण जुन्या इंग्रजी कागदांत एकाच गावाची दोन-तीन स्पेलिंगे सहज आढळतात आणि शोध एका अक्षरावरून अडतो. त्यानंतर १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जुने अहवाल पाहावेत. त्यांत खडकांचे थर आणि कोळशाची प्रत सापडते. पलानाचा कोळसा लिग्नाइट, म्हणजे तपकिरी आणि हलक्या प्रतीचा आहे. ब्रिटिश सरकार आणि संस्थाने यांच्यातील पत्रव्यवहारासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ चाळावे. खाण सुरू झाल्याचे कागद भरपूर मिळतात, ती बंद पडल्याचे कमी. म्हणून अपघात, आग, पाणी शिरणे आणि मजुरी यांच्या नोंदींकडे अधिक लक्ष द्यावे.

नकाशाचे काम मला सर्वांत प्रिय आहे. जुन्या नकाशाची प्रत बाल्कनीच्या काचेवर चिकटवून, वर ट्रेसिंग पेपर लावून, मी फक्त रेल्वेची रेघ, विहिरी आणि वाटा पेन्सिलीने उतरवून घेते आणि मग तो कागद त्याच प्रमाणात छापलेल्या उपग्रह चित्रावर ठेवते. उखडलेला रेल्वेमार्गही बांधाच्या सरळ रेघेवरून ओळखता येतो. येथे एक चूक हमखास होते: पलानाजवळच्या बरसिंगसर येथे लिग्नाइटची मोठी उघडी खाण आहे आणि तिचे पायऱ्यापायऱ्यांचे खड्डे चित्रात आधी डोळ्यांत भरतात, परंतु पलानाची जुनी खाण भूमिगत होती, त्यामुळे तिथे खड्ड्याऐवजी मातीचे ढिगारे आणि पडक्या इमारती शोधाव्यात. नजर तयार करण्यासाठी आधी आपल्या ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगरातील बंद दगडखाणी उपग्रह चित्रात पाहाव्यात; कापलेला कडा, ट्रकचा रस्ता आणि साचलेले पाणी यांची खूण एकदा पटली की दूरचा प्रदेशही वाचता येतो.

बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागारात जायचे असेल तर आधी पत्र पाठवावे आणि ओळखपत्र सोबत ठेवावे. तिथल्या संस्थानी कागदांत विक्रम संवत असतो आणि मराठी वाचक नेमका येथे फसतो. चैत्र ते पौषाच्या सुमारापर्यंत संवतातून ५७ वजा करावेत आणि इसवी सन बदलल्यावर चैत्र येईपर्यंत ५६. शकाप्रमाणे ७८ मिळवू नयेत. शिवाय आपले महिने अमावास्येला संपतात आणि तिकडचे पौर्णिमेला, म्हणून वद्य पक्षाचे नाव एक महिना पुढचे असते. आपली कृष्णजन्माची श्रावण वद्य अष्टमी तिकडे ‘भादवा बदी अष्टमी’ होते, दिवस मात्र तोच. हे न जाणता तारीख लावली तर घटना महिनाभर पुढे सरकते आणि पत्राच्या आधीच उत्तर आल्यासारखे दिसते. संवत १९५६ हे ‘छप्पनिया’ दुष्काळाचे वर्ष, म्हणजे १८९९-१९००. पलानाचा शाखामार्ग याच सुमाराचा असल्याने मजुरीचे कागद दुष्काळी कामांच्या नोंदींशेजारी ठेवून वाचावेत.

प्रत्यक्ष भेट नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ठरवावी. बंद खाणीत उतरू नये, एक पाऊलही आत टाकू नये. लिग्नाइट हवेतील ऑक्सिजन शोषून आपोआप तापतो आणि पेटतो. बंद पोकळीत ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वरची जमीनही पोकळ असू शकते, म्हणून स्थानिक माणूस सोबत घेऊन त्याने दाखवलेल्या वाटेनेच चालावे आणि जागेच्या मालकाची परवानगी आधी मिळवावी.

गावात पोहोचल्यावर आधी वडीलधाऱ्यांकडे बसावे. “खाण कधी बंद झाली?” असे थेट विचारले तर अंदाजे उत्तर येते, “तुमच्या घरातले कोण खाणीत जात होते, पगार कोणत्या वारी मिळे, दिवा कुठे ठेवत?” असे विचारले की माणसे बोलू लागतात. कुणी जुना हजेरीचा बिल्ला किंवा दिवा काढून दाखवला तर त्याचे छायाचित्र परवानगीने घ्यावे, वस्तू मागू नये. सांगणाऱ्याचे शब्द त्याच्याच बोलीत टिपावेत आणि त्याच रात्री तारीख, जागा व नाते लिहून वहीतल्या कागदी नोंदीशेजारी जोडावेत.