या चुका टाळा : मुंबई-अलिबाग किनाऱ्यासाठी भरतीचे मॉडेल चालवताना

मॉडेलने, म्हणजे समुद्राच्या पाण्याची हालचाल संगणकावर गणिताने काढणाऱ्या प्रोग्रामने, काढलेली भरती मुंबईच्या अपोलो बंदरच्या नोंदींशी जुळली नाही, की बहुतेकांचा हात प्रथम तळाच्या घर्षणाच्या गुणांकाकडे, म्हणजे समुद्रतळ पाण्याला किती अडवतो ते सांगणाऱ्या आकड्याकडे, जातो. तो मोह आवरावा. घर्षण कमीजास्त करून आलेख बसवता येतो, पण मूळ दोष तसाच राहतो आणि पुढच्या उधाणाला पुन्हा डोके वर काढतो.

आधी घड्याळ पाहावे. मॉडेलच्या समुद्राकडच्या सीमेवर पुरवलेली भरती आणि वाऱ्याचे आकडे बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात, बंदरावरच्या नोंदी मात्र पुष्कळदा भारतीय प्रमाणवेळेत. चांद्र भरतीचे आवर्तन 12 तास 25 मिनिटांचे असल्याने साडेपाच तासांनी सरकलेला आलेख जवळजवळ उलटाच दिसतो. एकदा माझ्या मॉडेलमध्ये अलिबागजवळची धरमतरची खाडी भरत होती तेव्हा नोंदीत ती रिकामी होत होती, आणि मी दोन दिवस खोलीचे आकडे तपासत बसलो होतो!

खोलीचे आकडे तपासायचेच, पण ते कोणत्या पातळीपासून मोजले आहेत हे पाहण्यासाठी. नौकानयनाच्या नकाशांतील खोली जवळपास सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते, तर मॉडेल सहसा सरासरी समुद्रपातळीला शून्य मानते. मुंबईत या दोहोंत सुमारे अडीच मीटरांचे अंतर आहे. ते मिळवायचे राहिले, तर प्रत्यक्षात साडेचार मीटर खोल असलेली खाडी मॉडेलला दोनच मीटर दिसते आणि भरतीची लाट सेकंदाला 6.6 मीटरऐवजी 4.4 मीटर वेगाने आत शिरते. भरती उशिरा येते म्हणून घर्षण कमी करणारे नेमके इथे फसतात.

मॉडेल मध्येच कोसळत असेल, तर कालपायरी (मॉडेल एका वेळी जितका काळ पुढे सरकते तो) सर्वांत खोल पाण्यावरून ठरवावी, कारण लाट तिथेच सर्वांत वेगाने धावते.

चक्रीवादळाची गोष्ट वेगळी. 3 जून 2020 रोजी अलिबागच्या दक्षिणेला धडकलेल्या निसर्गसारख्या वादळासाठी केवळ ईआरए5 या जागतिक हवामान-माहितीसंचाचा वारा वापरला, तर त्याच्या सुमारे 28 किलोमीटरच्या चौकटींत डोळ्याभोवतीचा जोर बोथट होतो आणि किनाऱ्यावर चढणारे पाणी कमी भरते. त्यावर उपाय म्हणून सगळाच वारा एका आकड्याने गुणू नये, कारण त्यामुळे वादळापासून दूरचा, मुळात बरोबर असलेला वारा बिघडतो. त्याऐवजी हवामान विभागाने नोंदवलेल्या मार्गावरून आणि केंद्रातील दाबावरून वादळाचा भोवरा स्वतंत्रपणे उभारून ईआरए5 च्या वाऱ्यात बसवावा. त्या मार्गाच्या वेळाही जागतिक प्रमाणवेळेतच दिलेल्या असतात.