मॅजेस्टिकची भुयारी मेट्रो: बेळगाव, खानापूर, निपाणीहून येणाऱ्यांसाठी

हायकोर्टाची तारीख असो, विधानसौधातलं काम असो, रात्रीची बस किंवा राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरून सकाळी बेंगळुरूत उतरायचं ठरलेलं. तिथून पुढे रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापेक्षा मेट्रो बरी. फक्त निघण्याआधी वार बघा. रविवारी पहिली मेट्रो सकाळी ७ ला. शनिवारी रात्री निघालेली मंडळी पहाटेच पोचतात आणि बंद दारापुढे पिशव्या मांडून बसतात. सोमवारी मात्र गाड्या ४.१५ पासून असतात, इतर दिवशी ५ च्या सुमारास.

रेल्वेने आलात तर मेट्रोची दोन स्टेशनं जवळ आहेत. मागच्या बाजूचं, आपल्या संगोळ्ळी रायण्णांच्या नावाचं, फक्त पर्पल लाईनवर आहे. ग्रीन लाईन हवी असेल तर पुढच्या बाजूने, बसस्टँडकडे येऊन मॅजेस्टिकचं मेट्रो स्टेशन गाठा. पाट्यांवर त्याचं नाव नाडप्रभू केंपेगौडा स्टेशन असं दिसेल.

तिकीट शक्यतो वरच काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर मिळतं, पण खाली रेंज गेली तर तिकीट मोबाईलमध्ये अडकून बसतं. काढल्या काढल्या स्क्रीनशॉट घ्या आणि गेटवर स्क्रीन उजळ ठेवा. टोकन घेतलं तर आत जाताना गेटवर नुसतं टेकवायचं आणि बाहेर पडताना फटीत टाकायचं. म्हणून ते शेवटपर्यंत जपा, पोरांच्या हातात देऊ नका. भाडं १० ते ९० रुपये. स्मार्ट कार्डावर ५ टक्के सूट आहे, पण शिल्लक ९० च्या खाली गेली की गेट उघडत नाही. जवळच जायचं असलं तरीही! वर्षातून दोनदा येणाऱ्याने कार्डाच्या फंदात पडू नये.

सामान एक्स-रे यंत्रातून जातं. कुंद्याच्या डब्याला कोणी हरकत घेत नाही. विळी, कोयता, रॉकेल मात्र अडतं. अवजड बोचक्याला वेगळे ३० रुपये पडू शकतात.

खरी चूक होते ती गेटच्या आत. तिकिटांच्या मजल्याखाली पर्पल लाईनचे फलाट आणि त्याच्याही खाली ग्रीनचे. गर्दीमागे सरकत्या जिन्याने उतरत गेलात तर थेट तळाला पोचाल. त्यामुळे उतरण्याआधी रंग बघा, मग शेवटच्या स्टेशनचं नाव. विधानसौध आणि त्यासमोरच्या हायकोर्टासाठी पर्पल, व्हाइटफील्डकडची गाडी, दुसरं स्टेशन. चल्लघट्टा लिहिलं असेल तर ती उलट्या दिशेची. यशवंतपूरला ग्रीन, मादावरकडची. केआर मार्केट, जयनगरला सिल्क इन्स्टिट्यूटकडची. लाईन बदलताना गेटबाहेर पडू नका, आतल्या आतच जिना आहे. बाहेर पडलात की तिकीट संपलं.

पुढचा डबा बायकांचा. कुटुंब बरोबर असेल तर मधल्या डब्यांपाशी उभं राहा, म्हणजे ताटातूट होत नाही.

मोबाईल रुळांवर पडला तर उतरायचं नाही. वरती तारा दिसत नाहीत म्हणून वीज नाही असं समजू नका: रुळांच्या बाजूच्या तिसऱ्या पट्टीत ७५० व्होल्टचा करंट खेळतो. फलाटावरच्या गार्डाला सांगा, तो काढून देण्याची व्यवस्था करतो.

परतीच्या बससाठी मॅजेस्टिकला वर येताना बसस्टँडची पाटी धरूनच या. भलत्या दाराने निघालात तर पिशव्यांसह रस्ता ओलांडायची पाळी येते.